मागच्या बाजूची नदी

८ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता खालच्या चष्मेवाल्याकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर डॉक्टरांच्या वरताण आहे, तेव्हा पत्र पोचलं असेल तर आधी पोस्टमनचे आभार मान. आता उघडलंच आहेस तर वाच. ओरडायचं ते शेवटी ओरड.

मी नवी कादंबरी लिहायला घेतलीये. तू म्हणशील, त्यात काय मोठं, ही थापाडी वर्षाला एक पाडतेच. खरंय. हरवलेला मुकुट झाला, बुडालेली घंटा झाली, राणीचा चोरीला गेलेला पाळणा झाला. जगात जे जे हरवलंय त्याच्यावर माझी चूल पेटते. पण या वेळी मी संग्रहालयातल्या मोठ्या पडद्यावर लिहितेय. हो, त्याच.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. आणि कारणही सांगते. आईचं डोकं आता तिच्या ताब्यात राहिलेलं नाही. नळ उघडा ठेवण्यापासून सुरुवात झाली. आता मला कधी नर्स समजते, कधी भाडेकरू. परवा मला विचारलं, "तुम्हाला भावंडं किती?" मी म्हटलं, एक थोरली बहीण आहे. "कुठे असते?" लांब असते. "बरं आहे," म्हणाली आणि सफरचंद सोलत बसली.

पण पडदा तिला धाग्याधाग्यानं आठवतो. एका दुपारी तिच्या पलंगावर ऊन आलं होतं. तिनं चादरीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे नदी सुरू होते." मग बोट हळूहळू सरकत गेलं. इथे वेत, इथे बदकं, इथे पलीकडच्या काठावरची निळी बाई, इथे तिच्याजवळचं अर्धवट उघडलेलं दार. सगळी चादर भरली. मला चादर बदलायची होती, पण त्या दिवशी काही बदलवली नाही.

बाकीचं तुला माहीत आहे, तरी मला ते एकदा सरळ लिहून बघायचंय. संग्रहालयात आई रफूची मुख्य होती आणि तू तिच्या हाताखाली. भिंतभर चित्र विणलेला तो जुना पडदा तुम्ही दोघींनी वर्षानुवर्षं सांधला. मग संग्रहालय नव्या इमारतीत गेलं. पडदा गुंडाळून गाडीत चढवला, आणि तिकडे उलगडला तर आत नुसतं जाडंभरडं कापड. चौकशी बसली. मी कॉलेजात होते. बाहेरच्या बाकावर बसले होते आणि दार उघडं होतं. त्यांनी आईला विचारलं, "त्या दिवशी खोलीची चावी कुणाकडे होती?" आई म्हणाली, "माझ्या थोरल्या मुलीकडे." ते म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही." संपलं.

तुझ्यावर काही शाबीत झालं नाही आणि तू सुटलीही नाहीस. पुन्हा कुठल्या संग्रहालयानं तुला दारात उभं केलं नाही. जाताना तू आईला एवढंच म्हणालीस, "एक वाक्य, आई. फक्त एक वाक्य जास्त बोलली असतीस." आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती घालतच राहिली.

मी तुला ये म्हणत नाहीये. नुसतं कळवतेय.

थापाडी


२६ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी खिडकीशी जाते, हे सांगून टाकते.

आमचं काम असं चालतं. सकाळी मी लिहिते, आणि जेवणं झाली की आईच्या उशाशी बसून ते वाचून दाखवते. गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची, नकाशात नसलेल्या एका छोट्या राज्यातली. राजाच्या दिवाणखान्यात भिंतभर पडदा आहे, आपलाच. परदेशी राजाचा वकील तो बघायला यायचा असतो आणि नेमका आदल्या दिवशी पडदा गायब. गुंडाळी जागच्या जागी, आत जाडंभरडं कापड. संशय रफू करणाऱ्या पोरीवर.

प्रकाशक खूश आहे. फक्त फोनवर म्हणाला, "पहिल्या पन्नास पानांत मुडदा कुठाय?" म्हटलं, मुडदा नाही. "निदान एखादा बेशुद्ध?" शेवटी त्याच्या समाधानासाठी एका पहारेकऱ्याला जिन्यावरून पाडला. आईला त्याची इतकी काळजी लागली, की त्याला लगेच उठवून बसवावं लागलं. "पाय मोडला नाही ना त्याचा?" दुसऱ्या दिवशीही विचारत होती.

रहस्य मात्र झकास जमलंय, माझ्या तोंडानं सांगते. पडद्यातली निळी बाई हातानं दाराकडे खूण करते. दार डावीकडे. आईनं चादरीवर तीनदा दाखवलं, तीनही वेळा डावीकडेच. आणि बाईचा निळा म्हणे मोरपिसासारखा गडद. तर माझी पोरगी काय करते, पडदा टांगला होता त्या रिकाम्या भिंतीसमोर उभी राहते, त्या बाईचा हात आठवते आणि डावीकडच्या बोळानं चालू लागते. बोळ, मग जिना, मग धान्याचं जुनं कोठार. सगळी कादंबरी त्या एका डाव्या हातावर तोलून धरलीये.

आई डोळे मिटून ऐकते. कधी माझ्या पुढे निघून जाते. काल मी दिवाणखान्याचं वर्णन वाचत होते तर म्हणाली, "पाय वर घ्या हो, पाणी आलंय." मी पाय वर घेतले. म्हटलं, निळ्या बाईंच्या नदीत आपण कशाला चपला भिजवा. मग आम्ही दोघी पलंगावर मांडी घालून बसलो, आणि खाली फरशीवर दुपारचं ऊन हलत होतं. खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत असणार. पण मला बराच वेळ पाय खाली सोडवेना.

त्या दुपारी मला तिथेच डुलकी लागली. मी वेतांतून चालत होते आणि पायाखाली माती नव्हती, गाठी होत्या. धाग्यांची तुटकी टोकं घोट्यांना लागत होती, मऊ. पलीकडे कुणीतरी काम करत बसलं होतं. हाक मारली तर मान वर केली नाही, पण सरकून जागा करून दिली. उठले तेव्हा आईचा हात माझ्या केसांत होता आणि ती स्वतः झोपली होती.

थापाडी


१५ फेब्रुवारी

ताई,

आता एक सांगितलंच पाहिजे. ती पोरगी तूच आहेस.

मी मुद्दाम नाही केलं. मी तिला एक लांब नाक दिलं होतं, गालावर तीळ दिला होता, जे तुला नाही ते सगळं दिलं. पण ती कामाला बसली आणि धागा ओठांत धरून सुई शोधायला लागली. मी काय करू? आईनं वाचताना मला तिथेच थांबवलं. "धागा तोंडात धरते? वाईट खोड. तिला सांगा, ओलावा लागला की धाग्याचा रंग जातो." मी म्हटलं, सांगते. "ऐकायची नाही ती," म्हणाली, "पण हात चांगला आहे."

तेव्हापासून रोज उठल्या उठल्या पहिला प्रश्न, "त्या पोरीचं काय झालं?" चहा नंतर. मी म्हणते, अजून लिहायचंय. मग ती माझ्याकडे अशी बघते, जशी मीच तिला कोठडीत कोंडून चहा पीत बसलेय.

परवा दरबारातली चौकशी लिहिली. मी ती टाळत होते. पण गोष्ट तिथे येऊन ठेपली होती आणि बगल देऊन जायला वाटच नव्हती. म्हातारी रफूवाली साक्षीला उभी राहते. न्यायाधीश विचारतो, चावी कुणाकडे होती. ती सांगते. न्यायाधीश म्हणतो, जा. मी एवढंच लिहिलं, जसं ऐकलं होतं तसं.

वाचून झालं आणि आईनं पांघरूण बाजूला सारलं. उठली, खिडकीशी जाऊन बसली. जेवायला हाक मारली तर आली नाही. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तेव्हा तिचे हात मांडीवर काहीतरी करत होते. हातात सुई नव्हती, कापड नव्हतं, पण बोटं चालली होती. एक आत, एक बाहेर. मी दिवा न लावता शेजारी बसून राहिले. मला वाटलं, पडद्यात आत्ता एक वेत पुरा झाला असेल.

डॉक्टर येऊन गेले. चांगला माणूस आहे, उगाच धीर देत नाही. म्हणाले, आठवण ही काठाकाठानं जाते, मधलं शेवटी. म्हटलं, शेवटी म्हणजे कधी? म्हणाले, "उन्हाळ्यानंतरच्या गोष्टी आत्ता ठरवू नका." हे तुला लिहायचं नव्हतं. लिहून झालं, आता खोडत नाही.

तू तिथे नाटकवाल्यांचे पोशाख सांभाळतेस असं कळलं. फाटकं शिवणं सुटलं नाही तर. मला उगाचच बरं वाटलं.

थापाडी


६ मार्च

ताई! ताई! ताई!

तुझं पोस्टकार्ड आलं. मी जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले.

"दार उजवीकडे आहे. आई मागून बघायची. निळाही इतका निळा नव्हता."

ना प्रिय, ना आशीर्वाद, ना सही. इतक्या वर्षांनी तुझं पहिलं वाक्य, आणि ते माझी चूक काढणारं! मी इतकी हसले, की चष्मेवाला भिंगं घासायचं यंत्र बंद करून वर बघायला आला. त्याला वाटलं रडतेय. त्याचंही अगदीच चुकलं नव्हतं.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. अर्थात उजवीकडे! रफू करणारीनं चौकटीच्या मागच्या बाजूला बसायचं असतं, जिथे गाठी आणि टोकं असतात. आई सगळा जन्म मागे बसली. तिचा तर नेम होता, आपलं काम समोरून बघायचं नाही. समोरून बघायचं ते लोकांनी. पडदा टांगला त्या दिवशीही ती घरी राहून डोकं दुखतंय म्हणाली होती. म्हणजे तिच्या डोळ्यांपुढची नदी उलटी वाहते. आणि निळा! समोरचा रंग उजेडानं विटतो, मागचा राहतो तसाच. तिनं मला सांगितला तो निळा संग्रहालयात कुणीच कधी पाहिला नव्हता.

माझी कादंबरी मात्र पार झोपली, त्याचं काय करायचं सांग. माझी पोरगी त्या डाव्या बोळातून पाऊणशे पानं चालतेय! प्रकाशकाला म्हटलं, कोठार चुकलं, ती भलतीकडेच गेली. तो म्हणाला, "तिथे मुडदा सापडू दे, मग चालेल."

दुपारी आईला म्हटलं, "दार उजवीकडे आहे म्हणे." ती ठाम होती. "कोण म्हणतं?" म्हटलं, "जिनं समोरून बघितलंय ती." आणि मग, ताई, तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जे मी लहानपणी बघितलेलं होतं. म्हणाली, "हां, ती. मी जेवायला उठले की पुढे जाऊन उभी राहायची. आणि एकटी नाही. झाडूवाल्याला, पहारेकऱ्याला, कुणी दिसेल त्याला हाताला धरून आणायची. बघा म्हणे, आज बदकाला डोळा आला. चोरटी कुठली!"

तो शब्द, आणि तिच्याच तोंडून! पण तिनं तो असा म्हटला, जसा मांजरीला म्हणतात दूध पिताना पकडल्यावर. मी तोंड वळवून खिडकी पुसायला लागले.

आता पुढचं पत्र असं एका ओळीचं पाठवू नकोस. माझ्या आणखी चुका काढ. भरपूर आहेत.

थापाडी


२३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चांगली चार पानं. चुका अकरा काढल्यास, त्यातल्या दहा मान्य. तीनशे वर्षांपूर्वी तसल्या कात्र्या नव्हत्या हे तुला कुणी सांगितलं?

शेवटी तू विचारलंयस, "ती माझ्याबद्दल कधी विचारते का?" त्याआधी जागा सोडलीयेस, म्हणजे खूप वेळ पेन धरून बसली असणार.

खरं सांगते. नाही विचारत. तुझं नाव तिच्या तोंडी मी दीड वर्षात ऐकलं नाही. ती त्या पोरीबद्दल विचारते. रोज. दोन्ही एकच असं मी लिहू शकले असते, तुला बरं वाटलं असतं, आणि आजवर मी पोटापाण्यासाठी याहून मोठ्या थापा मारल्यात. पण हे तूच ठरव.

आता परवाचं सांगते. चौकशीचं प्रकरण मी पुन्हा वाचलं, कारण तिनंच मागितलं. साक्षीचा भाग आला. न्यायाधीश म्हणाला, जा. आईनं माझं मनगट धरलं. "थांबा. पुढचा प्रश्न?" म्हटलं, पुढचा प्रश्न नाही. "असं कसं? चावी कुणाकडे होती हे विचारलं. तिनं घेतला का, हे विचारायला नको?" म्हटलं, नाही विचारलं त्यांनी. तुम्ही का नाही आपणहून सांगितलंत? मी तिला साक्षीदार म्हणूनच विचारलं, ताई, माझ्याही ते लक्षात आलं नाही.

तिनं मला समजावून सांगितलं, शिकाऊ पोरींना सांगायची तसं. तपासणीला साहेब आले की विचारलं तेवढंच सांगायचं. आपणहून एक शब्द जास्त बोललं, की त्यांना वाटतं काहीतरी झाकतेय. मग ते चौकट सोडवतात, टाके उसवून बघतात, आणि वर्षाचं काम जातं. तिला तिच्या मुख्य बाईंनी हेच शिकवलं होतं आणि तिनं तुला. "मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले," म्हणाली. "ते म्हणाले, या तुम्ही. मी दारापर्यंत हळूहळू चालले. वाटलं, हाक मारतील."

मला आठवलं. ती खरंच हळू चालत आली होती. मी बाकावर बसून बघत होते आणि मला वाटलं होतं तिचे गुडघे दुखतायत.

म्हणजे ताई, तू इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तिच्यावर रुसलीस ते वाक्य तिच्याकडे तेव्हापासून तयार आहे. तिला कधीच वाटलं नव्हतं की तू घेतलास. ती अजून त्या खोलीत प्रश्नाची वाट बघतेय.

मला तो प्रश्न न्यायाधीशाच्या तोंडी घालायला किती वेळ लागतो? एक ओळ. कालपासून तीनदा पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. मी तो लिहिला तर उत्तरही माझ्याच हातचं होईल, आणि तुला माझ्या हातचं नकोय. पुस्तकात छापलेलंही नकोय. तुला ते तिच्याकडून हवंय.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ये म्हणत नाही. ते खोटं होतं. ये. नाटकवाल्यांचे झगे चार दिवस लोंबकळू देत. डॉक्टर काय म्हणाले ते तुला कळवलंय. मधलं अजून शिल्लक आहे, पण काठ रोज आत सरकतायत. काल तिनं बदकं कुठल्या काठाला ते मला विचारलं.

थापाडी


१७ एप्रिल

ताई,

तू लिहिलंयस, "मला त्या खोलीतलं धड काही आठवत नाही. तू दारात उभी होतीस. जसं झालं तसं लिहून पाठव. तुझ्या पदरचं काही घालू नकोस." बरं. पदरचं काही घालत नाही.

तू दुपारच्या गाडीनं आलीस. करडा कोट, गळ्यापर्यंत बटणं, हातात चामड्याची बॅग. केस आखूड. आपण जिन्यात एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो आणि तू म्हणालीस, "जिना अरुंद झालाय की मी जाड झाले?" मी म्हटलं, दोन्ही. मग तू कोट न काढताच आत गेलीस.

आई खिडकीशी खुर्चीत होती. तिनं आधी बॅग बघितली, मग कोट बघितला, आणि ताडकन उठून उभी राहिली. केस मागे सारले. "या," म्हणाली, "ऑफिसातून आलात?"

मी म्हणणार होते, आई, ही कोण बघ. पण तू पाठीमागे हात करून मला पंजा दाखवलास. लहानपणी दाखवायचीस तसाच, गप. मी गप्प बसले.

"हो," तू म्हणालीस. "चौकशीचं थोडं काम राहिलं होतं."

"बसा. विचारा. विचाराल तेवढंच सांगेन."

तू स्टूल ओढून तिच्यासमोर बसलीस. बॅग पायाशी ठेवलीस. खाली चष्मेवाल्याचं यंत्र चालू होतं, ते बंद पडलं. खिडकीतला उजेड तुम्हा दोघींच्या गुडघ्यांवर होता, आणि मला वाटलं मी कादंबरीतल्या त्याच खोलीच्या दारात उभी आहे आणि ही खोली मी लिहिलेली नाही.

मग तू विचारलंस, "चावी कुणाकडे होती?"

मला तुझा राग आला. इतक्या लांबून येऊन तिथूनच सुरुवात!

"माझ्या थोरल्या मुलीकडे," आई म्हणाली. तसंच, त्याच आवाजात. ‘ती पोरगी’ नाही, ‘माझी मुलगी’ म्हणाली.

तू मान खाली घातलीस. मला वाटलं तू उठणार. आईसुद्धा खुर्चीच्या हातावर हात ठेवून उठायच्या बेतात होती, जायला सांगतील म्हणून. तेव्हा तू म्हणालीस, "थांबा. पडदा तिनं घेतला का?"

"नाही."

"कशावरून?"

आईनं तुझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या ढ अधिकाऱ्याकडे बघावं. "अहो, तिला तो सगळ्या जगाला दाखवायचा होता. झाडूवाल्याला ओढून आणायची बघायला. असला माणूस पडदा गुंडाळून अंधारात ठेवील? मी शेजारी बसलेय तिच्या. मला विचारा ना. लिहून घ्या हे."

तुझ्याकडे लिहायला काही नव्हतं. मी कानामागची पेन्सिल आणि हातातला कागद दिला, त्यावर चौकशीचंच प्रकरण होतं. तू खाली मोकळ्या जागेत लिहिलंस. आईनं वाकून बघितलं, वाचलं की नाही कुणास ठाऊक, पण मान हलवली.

मग म्हणाली, "इतकी वर्षं कुठे होतात? मी वाट बघत होते. कुणी विचारायलाच आलं नाही."

"उशीर झाला," तू म्हणालीस.

"चालायचंच. सरकारी काम."

तू हसलीस. ते हसू मध्येच मोडलं आणि तू तिच्या हातांवर कपाळ टेकलंस. तिनं हात काढून घेतले नाहीत. जरा बावरली, माझ्याकडे बघितलं, मग एका हातानं तुझ्या कोटाची कॉलर नीट केली. शिवण तपासतात तशी बोटानं चाचपली. नंतर तू उठलीस आणि माझ्याशी न बोलता जिना उतरलीस. मी हाक मारली नाही. मला समजलं होतं.

तू विचारलंयस तेवढं झालं. यापुढचं तुला माहीत नाही, ते आपणहून सांगते.

प्रकाशकाला कळवून टाकलंय, की या वेळी पडदा सापडणार नाही आणि चोरही सापडणार नाही. तो चिडलाय. त्याला म्हटलं, एक पोरगी सुटलीये, तेवढं छाप. साक्षीचं पान तुझ्या अक्षरातलं आहे तसंच छापखान्यात जाईल. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला मी एक अक्षर बदलू देणार नाही.

आणि आईचं. तू गेल्यावर ती खूप वेळ दाराकडे बघत बसली होती. म्हणाली, "बाई चांगल्या होत्या. नीट विचारलं." मी म्हटलं, हो. ती खुर्चीत मागे टेकली. इतकी सैल बसलेली मी तिला कधी बघितली नव्हती. डोळे मिटले. मला वाटलं झोपली, तर एकदम उठून बसली.

"आता कुणीतरी त्या पोरीच्या आईला जाऊन सांगा. पोरगी सुटली म्हणून. तिला कुणी कळवणार नाही. या गडबडीत आया राहून जातात."

म्हटलं, सांगते.

"आत्ता जा."

म्हणून मी चपला घातल्या, जिना उतरले, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. तुझी गाडी एव्हाना सुटून गेली असणार. वर येऊन म्हटलं, "सांगितलं तिला."

"काय म्हणाली?"

ताई, जन्मभर मी लोकांच्या तोंडी वाक्यं घालत आले. तेव्हा एकही सुचेना.

"रडली," म्हटलं.

"रडू दे," आई म्हणाली, आणि तिनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

थापाडी